मॅच पोराची, घाम बापाला : अमेरिकेतल्या शाळांच्या मैदानावर आईबापच का खेळत असतात?

"आमची यंदा दहावी आहे."

हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या काकूंच्या तोंडून ऐकलं असणारच. काकू पन्नाशीला आलेल्या, दहावी मुलाची. पण लग्नाला न येण्याचं कारण, टीव्हीचं कनेक्शन काढून टाकण्याचं कारण, गावाकडच्या पाहुण्यांना 'यंदा नको' सांगण्याचं कारण एकच, आमची दहावी. आपल्याला त्यात काही चुकीचं वाटत नाही, कारण आपल्याकडे बोलतातच तसं.

अमेरिकेत हेच वाक्य शाळेच्या मैदानावर ऐकू येतं. तिथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, साधारण १४ ते १८ वर्षांची मुलं. या शाळांच्या टीममध्ये दरवर्षी सुमारे ८० लाख खेळाडूंची नोंद होते. (एक मूल दोन खेळ खेळत असेल तर दोनदा मोजलं जातं, पण तरीही आकडा अवाढव्य आहे.) आणि या ८० लाखांच्या मागे स्टँडमध्ये बसलेले आईबाप असतात. त्यातले बरेचजण नुसते बघायला आलेले असतात. काहीजण मात्र, खरं सांगायचं तर, खेळायला आलेले असतात.

स्वतःचं अर्धवट राहिलेलं स्वप्न मुलाच्या अंगावर जर्सीसारखं चढवायचं, हा प्रकार काही अमेरिकेने शोधलेला नाही. पण शाळेच्या खेळाभोवती तिथे जी व्यवस्था उभी राहिलीय, तिच्यात तो फार जोमाने वाढतो. कसा, ते बघू.

शुक्रवारची रात्र म्हणजे गावची जत्रा

टेक्सास राज्यात शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा सामना शुक्रवारी रात्री होतो आणि अख्खं गाव तिथे लोटतं. किती लोटतं? ॲलन नावाच्या शहराने २०१२ मध्ये आपल्या एका हायस्कूलसाठी १८ हजार प्रेक्षक बसतील असं स्टेडियम बांधलं. खर्च ६ कोटी डॉलर. दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले, स्टेडियम बंद ठेवायला लागलं, दुरुस्ती करून २०१५ मध्ये परत उघडलं. एवढं होऊनही शेजारच्या मॅकिनीने काही वर्षांत त्याहून महागडं बांधलंच.

दुसरी गोष्ट अजून मजेशीर आहे. एनएफएल म्हणजे तिथली व्यावसायिक फुटबॉल लीग, आपल्या आयपीएलसारखी. तरीही शाळांच्या हंगामात तुम्हाला ही लीग शुक्रवारी रात्री टीव्हीवर सहसा दिसत नाही. त्यामागे १९६१ चा एक कायदा आहे. शुक्रवारी संध्याकाळी सामने दाखवले तर लीगला टीव्ही करारासाठी मिळालेली कायद्याची सूट लागू होत नाही. का? तर शाळेच्या सामन्याची गर्दी कमी होऊ नये म्हणून. कल्पना करा, आंतरशालेय सामन्यांसाठी आयपीएलने घड्याळ बघायचं!

आता अशा गावात तुम्ही १७ व्या वर्षी टीमचे हिरो होता, असं समजा. पुढे कॉलेजला निवड होत नाही. त्याच गावात नोकरी करता, लग्न करता. रस्त्यावर लोक अजून त्या एका सामन्याची आठवण काढतात. मग तुम्हाला मुलगा होतो.

ही गोष्ट 'फ्रायडे नाइट लाइट्स' या २००४ च्या सिनेमात आहे. पत्रकार बझ बिसिंजरने टेक्सासच्या ओडेसा गावातल्या पर्मियन हायस्कूल टीमच्या १९८८ च्या हंगामावर लिहिलेल्या पुस्तकावरून तो काढलेला आहे. सिनेमातला एक बाप स्वतः राज्य विजेतेपद मिळवलेला आहे, बोटात त्याची अंगठी आहे, आणि मुलाच्या हातून चेंडू सुटला की तो सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा करतो. १९९० मध्ये पुस्तक आलं तेव्हा ओडेसातले लोक इतके खवळले, की धमक्यांमुळे लेखकाला तिथला दौरा रद्द करायला लागला. गावाला आरसा आवडला नाही.

मार्व आणि त्याचा 'रोबो' मुलगा

सिनेमा सोडा. खऱ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियाचं आहे.

मार्व मॅरिनोव्हिच हा कॉलेजला नाव कमावलेला फुटबॉलपटू. व्यावसायिक कारकीर्द मात्र १९६५ मध्ये ओकलंड रेडर्सकडून एका हंगामापुरती झाली आणि संपली. आपण वजनं उचलून शरीर चुकीच्या पद्धतीने तयार केलं, असं त्याचं नंतर ठाम मत झालं. मग त्याने पूर्व युरोपातल्या प्रशिक्षण पद्धतींचा अभ्यास सुरू केला. प्रयोगासाठी शरीर हवं होतं. ते १९६९ मध्ये जन्माला आलं, त्याचं नाव टॉड.

बाळ महिन्याचं असताना बाप त्याच्या पायांचे स्नायू ताणत होता. दात येताना चघळायला गोठवलेलं गुर्दं. साखर नाही, मैदा नाही. दुसऱ्या मुलांच्या वाढदिवसाला टॉड जायचा तेव्हा बिनसाखरेचा केक घरून घेऊन जायचा. शाळेत येईपर्यंत त्याच्या दिमतीला वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ होते. त्याला घडवायचं होतं क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू कधी आणि कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा, टीमचा मेंदू असलेला खेळाडू.

आणि प्रयोग यशस्वी झाला! नववीतच टॉड शाळेच्या मुख्य टीमचा क्वार्टरबॅक झाला. हायस्कूल संपताना चेंडू फेकण्याचा राष्ट्रीय शालेय विक्रम त्याच्या नावावर होता. १९८८ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने त्याच्यावर मोठा लेख छापला. तेव्हापासून लोक त्याला 'रोबो क्वार्टरबॅक' म्हणायला लागले.

लोकांना माहीत नव्हतं ते हे, की हा मुलगा हायस्कूलमध्येच गांजा ओढायला लागला होता. जानेवारी १९९१ मध्ये कोकेनसकट पकडला गेला. तरी त्याच वर्षी एनएफएलच्या निवडीत त्याला पहिल्याच फेरीत, २४ व्या क्रमांकावर घेतलं गेलं. पुढे दंतकथा झालेला ब्रेट फार्व्ह त्या वर्षी ३३ वा होता, यावरून अपेक्षांचा अंदाज करा. टॉडला घेणारी टीमही कुठली, तर बापाचीच, रेडर्स. दोन हंगाम, मिळून ८ सामने, की खेळ खलास. पुढची कितीतरी वर्षं व्यसन, अटक, सुधारणा, परत व्यसन यात गेली.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मार्व हा मारकुट्या खलनायक म्हणून कथेत बसवणं सोपं आहे. पण त्याने मुलासाठी वेळ दिला, पैसा घातला, अभ्यास केला. त्याच्या हिशेबात हे सगळं प्रेमच होतं. पुढे दोघांचं जुळलंही. टॉड चित्रकार झाला. म्हातारपणी मार्वची स्मृती गेली, तेव्हा मुलगा त्याच्याजवळ होता. २०२० मध्ये मार्व गेला. म्हणजे प्रश्न प्रेम होतं की नव्हतं हा नाहीच. त्या घरात 'मला हे नको' असं म्हणायची सोय टॉडला कधी होती का, हा प्रश्न आहे.

डोक्यात नक्की काय होतं?

मानसशास्त्रात यावर काम झालंय. २०१३ मध्ये एडी ब्रुमेलमान आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये ८ ते १५ वर्षांच्या मुलांचे ७३ पालक घेतले. आधी त्यांना दोन वर्तुळं दाखवली, एक तुम्ही, एक तुमचं मूल. ती एकमेकांत किती मिसळलेली आहेत ते सांगा. मग अर्ध्या पालकांना स्वतःच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छांबद्दल लिहायला लावलं, उरलेल्यांना ओळखीतल्या दुसऱ्या कुणाच्या तरी.

निष्कर्ष? स्वतःची अपुरी इच्छा आठवली म्हणून सगळेच पालक मुलावर ती लादायला निघाले नाहीत. ज्यांची वर्तुळं एकमेकांत घुसलेली होती, म्हणजे जे मुलाला स्वतःचाच तुकडा मानत होते, त्यांच्यातच 'माझं राहिलं ते याने पूर्ण करावं' ही इच्छा जोरात वर आली. नुसतं स्वप्न मोडलेलं असणं पुरेसं नाही. 'आमची दहावी' हवी.

भाषेतही हे पकडता येतं. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठाच्या सामन्यांबद्दल विचारलं. टीम जिंकली असेल तर उत्तरात 'आपण' जास्त यायचं, हरली असेल तर कमी. आईबापांना मात्र ही पळवाट नाही. पोरगं हरलं की 'ते हरले' म्हणून बाजूला होता येत नाही. मग राग कुठेतरी निघतो. कोचवर, पंचावर, नाहीतर त्या पोरावरच.

इयन टॉफलर या मानसोपचारतज्ज्ञाने याला चढत्या पायऱ्या दाखवल्यात. पहिली पायरी अगदी निरोगी. मुलाच्या यशाने आनंद होणं, त्याच्यासाठी थोडी झीज सोसणं. दुसरी धोक्याचा त्याग. मुलाच्या खेळासाठी घर हलवणं, जोडीला दुसरी नोकरी धरणं, कुटुंब दोन शहरांत वाटणं. तिसरीवर मूल हे मूल राहत नाही, प्रकल्प होतं. आणि चौथी म्हणजे सरळ छळ. अडचण अशी की दुसऱ्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला आपण पहिल्याच पायरीवर आहोत असंच वाटत असतं.

"अहो पण स्कॉलरशिप मिळते ना"

हे सगळ्यात आवडतं उत्तर. अमेरिकेत कॉलेजची फी डोळे पांढरे करणारी आहे, त्यामुळे ते खोटंही वाटत नाही. पण हिशेब बघा. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलांपैकी कॉलेजची क्रीडा शिष्यवृत्ती मिळवणारे साधारण २ टक्के. त्यातही सगळ्यांना पूर्ण फी मिळत नाही, आणि तिथल्या तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांत तर क्रीडा शिष्यवृत्ती नसतेच. ॲस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये अमेरिकन कुटुंबाने मुलाच्या एका मुख्य खेळावर वर्षाला सरासरी हजार डॉलरच्या वर खर्च केला. खासगी क्लब आणि दूरचे दौरे असतील तर हा आकडा कुठल्या कुठे जातो.

त्यामुळे 'गुंतवणूक' हा शब्द इथे बऱ्याचदा पडद्यासारखा वापरला जातो, असं माझं मत आहे. स्वप्न म्हटलं तर लोक प्रश्न विचारतात. गुंतवणूक म्हटलं की कुणी विचारत नाही.

आणि या पडद्यामागे काय काय होतं! मुलगा वर्गात सगळ्यात उंच आणि ताकदवान दिसावा म्हणून त्याला मुद्दाम एक वर्ष मागे ठेवणं हा तिथे सर्रास चालणारा प्रकार आहे. आपल्याकडे नापास झालं की रडारड होते, तिकडे पास झालेल्या मुलाला त्याच वर्गात बसवतात.

बेसबॉलचं उदाहरण तर अंगावर येतं. चेंडू फेकून फेकून कोपराचा अस्थिबंध तुटला की एक शस्त्रक्रिया करतात. १९७४ मध्ये टॉमी जॉन या व्यावसायिक खेळाडूवर ती पहिल्यांदा झाली, म्हणून तिला त्याचंच नाव पडलं. २०१५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात २००७ ते २०११ दरम्यान अमेरिकेत झालेल्या अशा शस्त्रक्रियांची नोंद तपासली. त्यातले निम्म्याहून जास्त रुग्ण १५ ते १९ वर्षांचे निघाले. मोठ्यांची दुखापत शाळकरी मुलांची झाली होती.

त्याआधी, २०१२ मध्ये आलेली एक पाहणी याहून विचित्र होती. कोपर धडधाकट असतानाही फेक सुधारण्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घ्यावी का, असं विचारलं. पाहणी छोटी होती, पण त्यातल्या पालकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त 'हो' म्हणाले. हायस्कूलच्या खेळाडूंपैकी तर निम्मे. धडधाकट पोराचा हात कापायला तयार!

पंच पळाले

या सगळ्याचा फटका आणखी कुणाला बसला, तर शिट्टी वाजवणाऱ्याला. राज्याराज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांच्या शिखर संस्थेच्या अंदाजानुसार २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात सुमारे ५० हजार पंचांनी काम सोडलं. त्यात कोविडचा वाटा आहेच. पण प्रेक्षकांची शिवीगाळ हे कारण पंच स्वतः पुन्हा पुन्हा सांगतात. पंच पुरेनात म्हणून कित्येक ठिकाणी शुक्रवारचे सामने गुरुवारी घ्यायला लागले. कायद्याने राखलेला शुक्रवार आईबापांनी घालवला म्हणायचा.

२०१९ च्या सुरुवातीला या संस्थेच्या प्रमुख कॅरिसा नीहॉफ यांनी पालकांना उद्देशून एक जाहीर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ काढायचा तर, आईबाबांनो, जरा गप्प बसा. लहान मुलांच्या सॉकरमध्ये तर 'शांत शनिवार' पाळतात. त्या दिवशी पालकांनी ओरडायचं नाही, फक्त टाळ्या. काही ठिकाणी तोंडात धरायला लॉलीपॉप वाटतात. मुलांना नाही, पालकांना.

घरी जातानाची गाडी

ब्रूस ब्राउन आणि रॉब मिलर हे दोन अमेरिकन प्रशिक्षक. त्यांनी कितीतरी वर्षं कॉलेजच्या खेळाडूंना एकच प्रश्न विचारला. शाळेतल्या खेळाची सगळ्यात वाईट आठवण कुठली? हे काही शास्त्रशुद्ध संशोधन नव्हे. पण जे उत्तर सतत आलं ते हरण्याचं नव्हतं, दुखापतीचंही नव्हतं. ते होतं, सामन्यानंतर आईबाबांबरोबर घरी जातानाचा गाडीतला वेळ.

हे वाचलं तेव्हा मी थांबले. आमच्याकडे गाडी नव्हती, स्कूटर होती.

मी आठवी-नववीत ४०० मीटर पळायचे. पप्पा स्वतः कॉलेजला पळायचे, पण राज्याच्या स्पर्धेआधी नोकरी धरायला लागली. माझ्या प्रत्येक शर्यतीला ते स्टॉपवॉच घेऊन कठड्याला टेकून उभे असायचे. ओरडले कधीच नाहीत. जिंकले तर परतताना उसाचा रस. हरले तर घर येईपर्यंत एक शब्द नाही. त्यांच्या पाठीला नाक लावून मी रस्ताभर अंदाज करत बसायचे, आता बोलतील, त्या पेट्रोल पंपानंतर बोलतील. नववीच्या शेवटी मी दहावीचं कारण काढलं आणि पळणं सोडलं. कारण खरं नव्हतं.

आपण टाळ्या कुठे वाजवतो?

डिसेंबर २०१६ मध्ये 'दंगल' आला आणि आपण सगळ्यांनी थिएटरात शिट्ट्या मारल्या. देशासाठी पदक आणायचं राहिलेला बाप, मुलींचे केस कापणारा बाप, आणि शेवटी सुवर्णपदक. गीता फोगटचं २०१० चं राष्ट्रकुल सुवर्ण खरं आहे. ज्या भागात मुलींचं लग्न लवकर लावून देतात तिथे या बापाने त्यांना आखाड्यात उतरवलं, हेही खरं. पण मुलींना विचारलं होतं का, हा वाद तेव्हाही झाला होता आणि तो फालतू नव्हता.

युवराज सिंगचं घ्या. वडील योगराज भारताकडून १९८१ मध्ये एकच कसोटी खेळले. लहान युवराजला रोलर स्केटिंग आवडायचं, त्यात त्याने पदकही मिळवलं होतं. वडिलांनी ते फेकून दिलं आणि क्रिकेटच खेळायचं म्हणून सांगितलं. ही गोष्ट दोघांनीही जाहीरपणे सांगितलीय. पुढे २०११ च्या विश्वचषकात युवराज मालिकावीर झाला, त्यामुळे ती आपण कौतुकाने सांगतो. पण ज्यांची स्केट्स गेली आणि विश्वचषकही आला नाही, त्यांच्याकडे माइक कुणी नेत नाही. त्यातला एक टॉड, त्याच्याकडे नेला, कारण तो पडलाही फार उंचावरून.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी तर फुटबॉलऐवजी दुसरं मैदान शोधलं, स्पेलिंग बी. २०१९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत आठ संयुक्त विजेते होते, त्यातले सात भारतीय वंशाचे. तिथेही स्टेजखाली ओठ हलवणारे आईबाप असतातच.

महाराष्ट्रात तर स्वप्नाला गुंतवणुकीचं रूप देणं आणखी सोपं आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. गरीब घरातल्या मुलाला याचा खरंच आधार होतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मैदानावर बॅग सांभाळत उभ्या असलेल्या बाबांना विचारा, उत्तर तयार असतं, "याच्या भविष्यासाठी."

सचिनचे वडील, प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर, मला यात वेगळे वाटतात. त्यांचं स्वतःचं कुठलंही क्रिकेटचं स्वप्न मोडलेलं नव्हतं. मुलाला आचरेकर सरांकडे नेलं ते थोरल्या अजितने. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोप घेताना सचिनने सांगितलं, की वयाच्या ११ व्या वर्षी वडिलांनी आपल्याला मोकळीक दिली. त्या वर्तुळांच्या भाषेत सांगायचं तर शेजारी शेजारी, पण दोन.

हा लेख लिहिताना मी पप्पांना फोन केला. म्हटलं, माझ्या शर्यती आठवतात का? त्यांनी लगेच सांगितलं, जिल्ह्याला ६८ सेकंद, त्याआधी ७१. वर्षासकट, लेनसकट. मी म्हटलं, मला स्कूटर आठवते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटायचं तूच चिडली आहेस, म्हणून मी गप्प बसायचो."

मी विचारलं, तुम्ही चिडलेले नसायचात?

"असायचो," ते म्हणाले. "पण तुझ्यावर नाही गं."